शेजारचा ब्रेक

ब्रेक लागला तेव्हा माझा पाय हललाही नव्हता. गाडी जागच्या जागी थांबली, पट्ट्याने मला आवळून परत सीटवर टेकवलं, आणि समोर कडेला उभ्या असलेल्या निळ्या गाडीचं दार सताड उघडून एक जाडजूड गृहस्थ फोनवर हसत हसत रस्त्यात उतरला. दार आमच्यापासून हातभर लांब. त्याने आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. रस्ता त्याच्या बापजाद्यांचा असावा तसा रमतगमत पलीकडे गेला. स्टेअरिंगला घट्ट धरून बसलेली माझी विद्यार्थिनी म्हणाली, "बाई गं! बरं झालं मॅडम, तुम्ही वेळेवर ब्रेक मारलात." मी खाली पाहिलं. शिकवणाऱ्याच्या पायाशी जो जास्तीचा ब्रेक बसवलेला असतो, आम्ही त्याला शेजारचा ब्रेक म्हणतो, त्याच्यापासून माझा बूट चांगला वीतभर दूर होता. "मी नाही मारला," मी म्हणाले. "तू मारलास." "मी?" "मग काय भुताने? का मारलास ते सांग." ती थोडी गोंधळली. "बंद गाडीत डोकं दिसलं. उभ्या गाडीत डोकं दिसलं की दार उघडणार, असं धरून चालायचं. तुम्हीच सांगितलंय की." सांगितलं मीच होतं, पण ते माझं नव्हतं. "आणि बोलायचं कोणी?" मी खेकसले. "दिसलं," ती घाईघाईने म्हणाली. मला ते डोकं दिसलं नव्हतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा विद्यार्थ्याला दिसलं आणि मला नाही.

आमच्या क्लासची एक रीत आहे. शिकणाऱ्याने रस्त्यावर जे जे दिसेल ते मोठ्याने बोलायचं. पुढे शाळेची गाडी, थांबणार. उजवीकडे कुत्रं, मन नाही ठरलेलं. डावीकडे रिकामी मोटार, चाकं वळलेली, बाहेर येईल. प्रत्येकाच्या शेवटी म्हणायचं, "दिसलं." शिकवणाऱ्याला काही दिसलं आणि शिकणारा त्याबद्दल बोलला नाही, तर ओरडायचं नाही. डॅशबोर्डवर दोन बोटांनी टकटक करायची. म्हणजे बोला, काय राहिलं? तरीही नाही कळलं तर शेजारचा ब्रेक. आणि ब्रेक मारून झाल्यावरसुद्धा पुन्हा टकटक, कारण काय राहिलं ते शिकणाऱ्याच्या तोंडून आलंच पाहिजे, आपण सांगायचं नाही. बाकीचे क्लासवाले आम्हाला हसायचे. बडबडी गाडी आली म्हणायचे. हसेनात का. ही रीत मास्तरांची. मास्तर म्हणजे माझा नवरा. लग्नाआधी मी त्यांना मास्तर म्हणायचे, कारण ते माझे मास्तर होते, आणि लग्नानंतर दुसरं काही म्हणायला जीभ वळली नाही. पोरगी लहान असताना तीही मास्तर म्हणायची, मग शाळेत मुलं हसली म्हणून बाबा म्हणायला लागली. मास्तरांचं म्हणणं, डोळे आळशी असतात, तोंडाला कामाला लावल्याशिवाय ते हलत नाहीत. आणि समोरचा चुकणारच असं धरून चालवा. मग तो चुकला तरी राग येत नाही, आणि नाही चुकला तर आपला फायदा. रागावलेला माणूस आंधळा, असं ते म्हणायचे, आणि मग माझ्याकडे बघून हळूच पुढे म्हणायचे, कोणाला लागू पडतंय बघा.

मला लागू पडायचं. मी पहिल्यापासून तापट. त्यांच्याकडे शिकायला गेले तेव्हा पहिल्याच दिवशी एका स्कूटरवाल्याला खिडकीतून डोकं काढून असे शब्द ऐकवले, की मास्तरांनी शांतपणे शेजारचा ब्रेक दाबून गाडी कडेला उभी केली आणि म्हणाले, "झालं? आता त्याच्या जागी तुम्ही आहात असं समजून परत बोला." मी काच वर केली. पुढच्या गाडीत आणि आपल्यात किती अंतर ठेवायचं ते त्यांनी त्याच दिवशी शिकवलं. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की म्हणायला लागायचं, घाई त्याला, मला नाही; घाई त्याला, मला नाही. हे दोनदा म्हणून होईपर्यंत आपण त्या खांबापाशी पोचायचं नाही. आधी पोचलो तर फार जवळ आहोत. रस्ता ओला असेल तर चारदा म्हणायचं. मी चिडून पुटपुटत चालवायचे, घाई त्याला, मला नाही, आणि मला खरं तर फार घाई होती, सगळ्याचीच. ते माझ्याकडे कधी बघायचे नाहीत. नजर कायम पुढे. मी मात्र त्यांच्याकडे चोरून बघायचे, त्यांच्या कानाकडे, कॉलरच्या वर नीट कापलेल्या केसांकडे, आणि मनात म्हणायचे, दगड आहे नुसता. शिकवणाऱ्याच्या गाडीत दोन आरसे असतात, एक चालवणाऱ्याचा आणि वर काचेला चिकटवलेला एक शिकवणाऱ्याचा. तो दुसरा आरसा मागचा रस्ता बघायला असतो, अशी माझी भाबडी समजूत. एका सिग्नलला आम्ही थांबलो होतो आणि त्या दिवशी कसं बोलायचं ते ते स्वतः बोलून दाखवत होते. "पुढे चौक. सिग्नल लाल. उजवीकडे सायकलवाला, हात सोडून. मागे टेम्पो, जवळ. शेजारी बाई. मला आवडते." मला वाटलं, आपल्या कानात काहीतरी झालं. त्यांनी डॅशबोर्डवर टकटक केली. मी वर बघितलं तर त्या दुसऱ्या आरशात त्यांचे डोळे, आणि त्या आरशाचा कोन असा, की तो गेले कित्येक दिवस रस्ता दाखवतच नसावा. सिग्नल हिरवा झाला होता. मागचा टेम्पोवाला बोंबलत होता. "दिसलं," मी म्हणाले. "मग निघा," मास्तर म्हणाले, "लोक खोळंबलेत."

पुढे आमच्या दोन गाड्या झाल्या, एकीवर ते, एकीवर मी. संध्याकाळी मात्र एकीला कुलूप घालून दुसरीने घरी यायचो, आणि ती नेहमी मी चालवायची. दिवसभर परक्यांच्या पायांवर जीव ठेवून बसतो, आता घरच्या पायांवर, असं म्हणून ते डावीकडे बसायचे आणि सवयीने बोलत राहायचे. तो आवाज काही फार चांगला नव्हता. जरा घोगरा, खालच्या पट्टीतला. पण आपल्या डाव्या कानाशी कोणीतरी सतत सांगतंय, पुढे काय आहे, कोण येतंय, कुठे जपायचं, आणि आपण नुसतं दिसलं, दिसलं म्हणायचं, ह्याची एकदा सवय लागली की माणसाला जगात एकटं चालायला जमत नाही. घरीही तेच. दूध वर येतंय. दिसलं. पोरीचा चेहरा उतरलाय. दिसलं. तुमची पाठ दुखतेय, लपवू नका. हो हो, दिसलं. ज्या सकाळी ते गप्प झाले त्या सकाळीही ते टेबलाशी बसून म्हणाले, "दूध," आणि पुढचं आलं नाही. मी गॅस बंद करून वळले तर ते खुर्चीतून उजवीकडे कलले होते, जणू मोठ्या वळणावर गाडी कलावी. उजवं अंग गेलं आणि बरोबर वाचा गेली. अंगाचं डॉक्टर म्हणाले बघू. वाचेचं म्हणाले, सांगता येत नाही. आणि समजतं किती, हे मी विचारलं तर तेही सांगता येत नाही म्हणाले. ह्याला डॉक्टर कशाला हवा, सांगता येत नाही हे मलाही सांगता आलं असतं.

आजचा धडा संपल्यावर आम्ही गाडी झाडाखाली लावली. माझी ही विद्यार्थिनी दातांची डॉक्टर आहे. लहानखुरी, तोंडाने चुरूचुरू, आणि गिअर असा बदलते की वाटतं अक्कलदाढ उपटतेय. मी तिला तसं सांगितलंही आहे. ती पट्टा सोडता सोडता म्हणाली, "मॅडम, आज तुमचं लक्ष नव्हतं ना? सर कसे आहेत?" एरवी मी म्हटलं असतं, तू तुझा क्लच सांभाळ. पण ते न दिसलेलं डोकं अजून मनातून जात नव्हतं. मी म्हणाले, "परवा मुलगी येतेय त्यांना न्यायला. तिच्या गावात एक जागा आहे, अशा माणसांना ठेवतात. चांगली आहे म्हणे, बाग आहे." "आणि तुम्ही?" "मी येऊन भेटायचं. ती म्हणते, आई, त्यांना आता काही कळत नाही, तू कोणासाठी अडून बसलीयेस? मी पण बघते त्यांच्या तोंडाकडे. तासन्‌तास बघते. ओठ हलतील, काहीतरी म्हणतील. एक शब्द. आत आहेत का नाहीत एवढंच कळू दे मला. आत नसतील तर जाऊ देत बागेत." एवढं मी कोणाशी बोलले नव्हते. तिने सोडलेला पट्टा हातातच धरून ठेवला. मग म्हणाली, "माझ्या पेशंटांना पण बोलता येत नाही. तोंडात माझी दोन हत्यारं आणि वर मी विचारते, दुखतंय का? ते बिचारे काय सांगणार? चेहऱ्यावरून तर मुळीच नाही कळत, चेहरा आधीच वाकडा केलेला असतो. मी पायांकडे बघते." "कुठे?" "पायांकडे. दुखलं की पायाची बोटं आवळतात. बूट घातले असले तरी कळतं. पाय खोटं नाही बोलत, मॅडम." तिने सहज म्हटलं आणि पर्स उचलून निघून गेली. दुपारी तिला कुणाची तरी दाढ काढायची होती. मी बराच वेळ शिकवणाऱ्याच्या जागेवर बसून राहिले, माझ्या पायांकडे बघत.

घरी आले तेव्हा मास्तर खिडकीशी खुर्चीत होते. आमची खिडकी रस्त्यावर उघडते. समोर, त्यांना बोलायला शिकवणारी बाई ठेवून गेलेली चित्रं पसरलेली: सफरचंद, कंगवा, छत्री. ती आठवड्यातून येते आणि लहान मुलाशी बोलावं तशी बोलते, हे काय आहे बरं? मास्तर त्या चित्रांकडे बघतसुद्धा नाहीत, खिडकीबाहेर बघतात, आणि ती वहीत काहीतरी खरडून सुस्कारा टाकते. मला पूर्वी तिची दया यायची. आज पहिल्यांदा वाटलं, ज्या माणसाने आयुष्यभर मांजर कधी उडी मारेल ते ओळखलं, त्याला हिने सफरचंद दाखवावं? मी त्यांच्यासमोर खाली फरशीवरच बसले आणि त्यांच्या पायांकडे पाहिलं. उजवा पाय आधाराच्या पट्ट्यात, दिवसभर त्यांची देखभाल करणाऱ्या मावशींनी उशीवर नीट मांडून ठेवलेला, दुकानातल्या वस्तूसारखा. डावा खाली, सपातेत. सपात पुढच्या बाजूला झिजून फाटली होती, टाचेकडे जशीच्या तशी. डावीच फक्त. मावशींना मी विचारलं, "ही कशाने झिजली?" मावशी धुतलेले टॉवेल घडी करत म्हणाल्या, "अहो ते सारखं दाबत असतात पायाने. चाळा आहे. मी म्हटलं, होऊ दे व्यायाम." "कधी दाबतात?" "कधीही. त्याला काय वेळकाळ? बसतात खिडकीत आणि दाबतात." मी त्यांच्या खुर्चीशेजारी उभी राहून रस्त्याकडे बघू लागले. रस्त्यावर तेव्हा काहीच नव्हतं, दुपारची वेळ, एक पोस्टाची गाडी आणि सावल्या. पाय हलला नाही. मी बराच वेळ थांबले. पाय नुसता पाय होता, निळ्या शिरांचा, म्हातारा. तेवढ्यात फोन वाजला.

पोरगीच. तिच्या आवाजात तो कामाचा सूर, जो मला माहीत आहे, कारण तो माझाच आहे. "आई, कागद तयार झालेत. जागा जास्त दिवस धरून ठेवणार नाहीत ते. आणि ती क्लासची गाडी विकून टाक ना आता, किती दिवस तू अशी उन्हातान्हात? एकदा ठरव आणि मोकळी हो." मी म्हणाले, "तुला एवढी घाई कसली गं?" "घाई नाही. मला भीती वाटते. रात्री-अपरात्री काही झालं तर एकटी काय करशील? तू पडशील त्यांना उचलताना. मग मी दोघांना कशी बघू?" ते खरं होतं. ती वाईट नाही. ती समोरचा चुकणार असं धरून चालणाऱ्या माणसाची मुलगी आहे. तिला पुढचा धोका दिसतो. फोनच्या शेवटी ती म्हणाली, "बाबांना दे जरा," आणि मी फोन त्यांच्या कानाशी धरला. ती काहीतरी बोलली, मला ऐकू आलं नाही. मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. थोड्या वेळाने तिकडून हुंदका आला आणि फोन बंद झाला. मी फोन ठेवला आणि मावशींना म्हणाले, "ह्यांना बूट घाला. आम्ही बाहेर चाललोय."

"बूट?" मावशी म्हणाल्या. "आजारी माणसाला कुठे फिरवताय? आणि बाई, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?" "ते तुम्ही नंतर ठरवा. आधी डावा बूट." मावशी पुटपुटत उठल्या. चाकाच्या खुर्चीतून गाडीत माणूस हलवणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. मी काखेत हात घातले, मावशींनी गुडघे धरले, आणि एका क्षणाला आम्ही तिघंही दारात अडकलो, ना आत ना बाहेर, आणि मावशी म्हणाल्या, "हे देवा, आता वरातच काढा आमची." मला हसू आलं. मला वाटलं मास्तरांच्या घशातही काहीतरी झालं, पण तो श्वास असेल. शेवटी ते डावीकडच्या सीटवर बसले, त्यांच्या जागेवर. उजव्या हाताला आधार म्हणून उशी, छातीवर पट्टा. पण सरळ बसतील तर शपथ. हळूहळू डावीकडे घसरत गेले आणि डोकं खिडकीच्या काचेला, पार खाली, टेकलं. पूर्वी ते ह्याच सीटवर असे ताठ बसायचे की विद्यार्थी बिचारे आपोआप सरळ व्हायचे. मी त्यांचा डावा बूट उचलून शेजारच्या ब्रेकजवळ ठेवला. त्यांनी तो तसाच ठेवला. मावशी रस्त्यात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, आता ह्या बाईला कोण समजावणार अशा चेहऱ्याने.

मी आमच्या नेहमीच्या, संध्याकाळी घरी यायच्या रस्त्याने निघाले, उलट्या दिशेने. आणि बोलायला लागले. त्यांच्यासारखं, सगळं. पुढे वळण, भिंत, पलीकडचं दिसत नाही, हळू. डावीकडे फाटक उघडं, गाडी येईल. उजवीकडे दोघीजणी, बोलण्यात, रस्त्याकडे पाठ. दिसलं, दिसलं, दिसलं. माझा आवाज मलाच परका वाटत होता. इतके दिवस विद्यार्थ्यांचं ऐकलं, स्वतः बोलले नव्हते. बोलायचे ते मास्तर, मी फक्त हुंकार द्यायची. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांचा पाय बघत होते, आणि हे चूक आहे हेही मला कळत होतं, चालवणाऱ्याची नजर गाडीच्या आत नको. पाय हलत नव्हता. मग मी मुद्दाम गोष्टी गाळायला लागले. बाजारपेठेतल्या सिग्नलला पिवळा दिवा मला दिसला, मी थांबले, पण बोलले नाही. हातगाडी कडेने पुढे आली, मी जागा दिली, बोलले नाही. बोटं शांत. गतिरोधक आला, बोलले नाही, गाडी धप्पकन आपटली, त्यांचं डोकं काचेवर हापटलं, आणि मला स्वतःचीच लाज वाटली. आजारी माणसाची परीक्षा घेत होते मी. सफरचंद दाखवणारी बाई आणि मी, फरक काय? तो सिग्नल आला, आमचा. आता तिथे उड्डाणपूल वरून जातो आणि खाली सावली असते. मी थांबले आणि म्हणाले, "मास्तर. पुढे चौक. सिग्नल लाल." आणि थांबले. तुम्ही म्हणा पुढचं. उगीच. एक अक्षर. अहो, मी कान तुमच्याकडे लावून बसलेय इतके महिने, स्वयंपाकघरात दूध तापवताना अजून थांबते मी, तुम्ही म्हणाल म्हणून. रोज उतू जातं. मावशी म्हणतात बाईंचं लक्ष नसतं. लक्ष असतं हो, पण ते दुधाकडे नसतं. त्यांचं तोंड काचेकडे होतं, काचेवर वाफेचा छोटा ठिपका येत होता, जात होता. सिग्नल हिरवा झाला. मी निघाले.

परतीचा रस्ता मी काहीच बोलले नाही. ठरलं होतं माझ्या मनात. पोरगी म्हणते तेच खरं. बागेत चांगली माणसं असतील, उचलायला तरणे हात असतील. मी दर रविवारी जाईन, त्यांच्या बाकावर शेजारी बसेन. डावीकडे बसतील ते. मी काय येतंय जातंय ते सांगत जाईन, माळी, खारी, नर्स. आणि मग संध्याकाळी गाडीत एकटी बसून परत येईन आणि डावीकडची सीट रिकामी असेल. हे मनात आलं आणि डोळे असे भरून आले की रस्ता पाण्यात गेला. मी बाहीने पुसले. आमच्या घराच्या अलीकडच्या गल्लीत एक मोठा ट्रक कडेला उभा होता, सामान उतरवत, त्याच्याकडे मी बघितलं, म्हणजे डोळे तिकडे होते. उभा ट्रक, रिकामी वाट, पलीकडे घर. जायला जागा भरपूर. मी गेले.

गाडी अशी थांबली की माझे दात आपटले. इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं. पट्टा, छाती, सीट. माझा पाय ब्रेकवर नव्हता, तो अजून वेग देणाऱ्या पेडलवरच होता, खुळ्यासारखा. आणि ट्रकच्या तोंडापुढून, आमच्या अगदी समोर, एक गादी चालत बाहेर आली. उभी धरलेली, माणसापेक्षा मोठी गादी, आणि तिच्याखाली फक्त दोन पाय. त्या पायांना काहीच दिसत नव्हतं. ते अंदाजाने एकेक पाऊल टाकत आमच्या बंपरला घासून पलीकडे गेले आणि गादीच्या आतून आवाज आला, "आलो आलो, जिना कुठे आहे?" मला कळायला वेळ लागला. मी डावीकडे खाली बघितलं. मास्तरांचा डावा बूट शेजारच्या ब्रेकवर होता, तळापर्यंत दाबलेला, आणि घोट्याजवळची शीर ताठ उभी होती. काचेला टेकलेलं त्यांचं डोकं अजून तिथेच होतं, खाली, जिथून ट्रकच्या पोटाखालचं सगळं दिसतं. तिथून चालणारे पाय दिसले असणार. मला दिसले नव्हते. ते ब्रेक सोडत नव्हते. मी स्टेअरिंगवर हात ठेवून तशीच बसले होते आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता, माझ्याच तोंडातून.

टकटक.

डाव्या हाताची दोन बोटं होती. त्या हाताला ती सवय नव्हती, ते काम कायम उजव्याचं, म्हणून ती जरा वाकडी पडली, एक आधी आणि एक मागून. पण डॅशबोर्डवरच पडली. काय राहिलं, बोला. मी रडायला लागले. रडू आवरत म्हणाले, "ट्रकखाली पाय." ते थांबले. पुन्हा टकटक. आणखी काय राहिलं? मागे कोणीतरी हॉर्नवर हात ठेवून उभा होता, किती वेळ कोण जाणे. हो, तेच. ब्रेक मारला की आधी मागे बघायचं. मी वर बघितलं, माझ्या आरशात एक लाल गाडी, तिचा मालक हात नाचवतोय. आणि शिकवणाऱ्याच्या आरशात, जो इतके महिने मी माझ्यासाठी फिरवून घेतला होता आणि आज त्यांना बसवताना धक्का लागून पार आत वळला होता, त्यात मास्तरांचे डोळे. ते रस्त्याकडे बघत नव्हते. कसं ओळखलं नाही मी? ते तर आतच होते, सगळा वेळ, खिडकीशी बसून माझ्यासाठी रस्ता बघत होते, सपात झिजवत होते, आणि आम्ही त्यांना सफरचंद दाखवत होतो. मी नाक पुसलं. मग मोठ्याने, नीट, शिकणारीने बोलावं तसं म्हणाले, "पुढे गादीवाला, गेला. मागे लाल गाडी, चिडलेली. घरी मावशी, त्याही चिडलेल्या. परवा पोरगी येणार, तिला चहा करून द्यायचा आणि परत पाठवायचं, रागावेल, रागावू दे. तिची भीती खरी आहे, उचलायला आणखी एक माणूस ठेवू. शेजारी मास्तर." आवाज फुटला, पण मी शेवटचा शब्द गिळला नाही. "दिसलं. दिसलं हो मला."

ब्रेकवरचा बूट सैल झाला. मी इंजिन चालू केलं, पहिला गिअर टाकला. मागच्याने खिडकीतून डोकं काढून काहीतरी घाणेरडं ओरडलं आणि माझं रक्त नेहमीसारखं उसळून वर आलं. मी काच खाली घ्यायला हात नेला. डावीकडून टकटक झाली. मी हात परत स्टेअरिंगवर ठेवला. घर समोर दिसत होतं, कोपऱ्यावरचा खांब, मग फाटक. मी गाडी हळू सोडली आणि आम्हा दोघांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायला लागले, घाई त्याला, मला नाही. घाई त्याला, मला नाही.